‘टू’ म्हणजे ‘खूप’ नव्हे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी बाई परदेशी गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगते, ‘टू हॉट, टू हॉट!’ गिऱ्हाईक हातातली मिरची ठेवून पुढं सरकतं. तिला म्हणायचं होतं ‘एकदम झणझणीत’. त्यानं ऐकलं ‘खाववणार नाही इतकी तिखट’.

इंग्रजीतला ‘व्हेरी’ म्हणजे खूप आणि ‘टू’ (too) म्हणजे त्याहून खूप, हा समज शाळेपासून आपल्या डोक्यात बसलाय. तो चुकीचा आहे. ‘व्हेरी’ प्रमाण सांगतं. ‘टू’ सांगतं की मर्यादा ओलांडली. हुमण, म्हणजे माशाची आमटी, ‘व्हेरी हॉट’ असेल तर फुंकर घालून जेवा, ‘टू हॉट’ असेल तर निवेपर्यंत थांबा. मराठीत हे काम ‘जरा जास्तच’ मधला तो एवढासा ‘च’ करतो.

म्हणून ‘टू’ म्हणजे नेहमी तक्रारच, असंही नाही. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे ‘बरं आहे की’. ‘ओन्ली टू ग्लॅड’ म्हणजे ‘अगदी आनंदानं’. ‘यू आर टू काइंड’ ही तर मुद्दाम केलेली अतिशयोक्ती. तिथं कुणी दयाळूपणा कमी करायला सांगत नाही.

आणि ‘मी टू’ मधला ‘टू’? तोही हाच. ‘-कडे’ अर्थाच्या ‘टू’चंच (to) हे ठासून उच्चारलेलं रूप, त्याला दुसरा ‘ओ’ सोळाव्या शतकात चिकटला. मूळ भाव ‘आणखी’. माझंही आणखी धरा, म्हणजे ‘सुद्धा’. गरजेहून आणखी झालं, म्हणजे ‘जास्तच’.