पारंपरिक धनुष्याच्या दोरीचे सायलेन्सर

रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) आणि लाँगबो (लांब, तशा वळणाशिवायचं) ह्या साध्या, टोकांना चाकं नसलेल्या धनुष्यांमधून बाण सुटला की दोरी टण्ण करून वाजते, तो आवाज कमी करायला दोरीवर लोकरीचे गोंडे, फरच्या पट्ट्या नाहीतर रबराचे झुपके बांधतात, त्यांना स्ट्रिंग सायलेन्सर म्हणतात. दोरीची थरथर स्वतःच्या अंगावर घेऊन विझवायची, एवढंच त्यांचं काम.

आपल्या पुराणकथांमध्ये धनुष्याचा टणत्कार ही वीराची शान असते, गांडीवाचा आवाज ऐकूनच समोरच्यांची छाती दडपते. शिकाऱ्याला मात्र तोच आवाज नको असतो. म्हणून हा सगळा खटाटोप वाढला तो मुख्यतः अमेरिकेत, जिथे धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे (विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुष्यवाल्यांसाठी हरणांचा वेगळा हंगाम दिला). आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो प्रश्नच उरत नाही, इथे पारंपरिक धनुष्य घेणारा माणूस टार्गेटवरच मारतो, पण दोरीचा खणखणाट त्यालाही कानाशी नको असतो.

तिकडच्या शेपटीपांढऱ्या हरणाचं उदाहरण घेतलं की आवाजाचं महत्त्व लगेच कळतं. बाण सेकंदाला साधारण ५५ मीटरने जातो, आवाज ३४० मीटरने. हरिण १८ मीटरवर असेल तर आवाज ०.०५ सेकंदात पोचतो आणि बाणाला ०.३३ सेकंद लागतात, मधल्या पाव सेकंदात दचकलेलं हरिण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच जागी लागून जनावर जखमी होऊन पळतं. सायलेन्सरने आवाज शून्य होत नाही, पण तीक्ष्ण टण्णचा मऊ धप्प होतो, आणि जनावर दचकतं ते जास्त करून त्या तीक्ष्णपणालाच.

आता आवाज येतो कुठून, तर ओढलेल्या धनुष्यातली सगळी ताकद बाण घेऊन जात नाही, जी मागे उरते ती दोरीत आणि लिम्बमध्ये, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या हातांमध्ये, थरथरत राहते. म्हणूनच माझं ठाम मत आहे की सायलेन्सर ही शेवटची पायरी आहे, आधी धनुष्य नीट लावून घ्यायचं. बाण हलका असेल तर ताकद जास्त उरते आणि धनुष्य ओरडतं, त्यामुळे धनुष्याच्या ओढीच्या एका पाउंडाला बाणाचं वजन ९ ते १० ग्रेन (वजनाचं छोटं माप) हा हिशोब बरा, म्हणजे ४५ पाउंडाच्या धनुष्याला साधारण ४५० ग्रेनचा, जवळपास २९ ग्रॅमचा बाण. मग ब्रेस हाइट बघायची, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, रिकर्व्हला ते बहुतेक वेळा ७ ते ९ इंचांत बसतं. दोरीला पीळ दिला की अंतर वाढतं, काढला की कमी होतं. चार-पाच पीळ द्यायचे, तीन-चार बाण मारायचे, ऐकायचं, परत पीळ द्यायचे, एका ठिकाणी आवाज अचानक बसतो आणि हातातला झटकाही कमी होतो, ती जागा लिहून ठेवायची. एवढं केल्यावर पुष्कळदा अर्धं काम झालेलं असतं.

रिकर्व्हचं एक दुखणं वेगळं असतं. त्याच्या टोकाकडच्या वळणावर दोरी दोन-तीन इंच लिम्बला टेकलेली असते, बाण सुटला की ती तिथे चापट मारल्यासारखी आपटते, आणि दोरीच्या मध्याकडे कितीही गोंडे बांधले तरी ही चापट जात नाही. तिथे दोरी टेकते त्या जागी लिम्बवर वेल्क्रोची मऊ बाजू चिकटवायची किंवा दोरीलाच तेवढ्या भागात लोकर गुंडाळायची. लाँगबोची दोरी लिम्बवर अशी लोळत नसल्याने त्याला ही भानगड नाही.

साहित्याची निवड हवेवर ठरते असं म्हटलं तरी चालेल. लोकरीचा गोंडा सगळ्यात हलका आणि स्वस्त, घरीही होतो: दोन बोटांभोवती लोकरीचे १२-१५ वेढे घ्यायचे, मधोमध घट्ट बांधायचं, दोन्हीकडचे फास कात्रीने कापायचे, दोरीचे पदर उकलून त्यात तो अडकवायचा आणि पदर सोडले की पीळ त्याला आपोआप आवळून धरतो, वरून कात्रीने गोल केला की झालं. पण पावसात तो पाणी पितो, दोरी जड होते आणि बाण खाली लागायला लागतो. ओल्या हवेसाठी बीव्हर ह्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याची फर चांगली, आतले केस इतके दाट असतात की पाणी आत शिरत नाही, अरुंद पट्टी दोरीवर सर्पिल गुंडाळून दोन्ही टोकं पदरांत खोवतात. झुडपातली कुसळं मात्र लोकरीलाही धरतात आणि फरलाही. रबराचे झुपके, ज्यांना तिकडे मांजरीच्या मिशा म्हणतात, आवाज फार छान मारतात, पाण्याचं त्यांना काही नाही, पण ते जड असतात आणि ऊन खाऊन तडकतात, म्हणून अधूनमधून ताणून बघावे लागतात. दोरी डॅक्रॉनची म्हणजे पॉलिएस्टरची असेल तर ती थोडी ताणते आणि मुळातच मवाळ वाजते, लोकर पुरते. कमी ताणणारी फास्ट फ्लाइटसारखी दोरी कडक वाजते, तिथे मी फर किंवा रबरच घेईन.

बांधायचं कुठे हा भाग सगळ्यात रंजक आहे. दोरी तानपुऱ्याच्या तारेसारखी मूळ सुराबरोबर वरचे सूरही धरते, आणि प्रत्येक वरच्या सुराची दोरीवर काही ठिकाणं स्थिर असतात. तिसऱ्या हिश्श्यावर बांधलेला गोंडा तिसऱ्या सुराला काहीच करू शकत नाही कारण त्या सुरात ती जागा हलतच नाही, तसंच पाव हिश्श्यावर चौथ्या सुराचं. म्हणून एक गोंडा वरच्या टोकापासून पाव अंतरावर आणि दुसरा खालच्या टोकापासून एक तृतीयांशावर ठेवतात, एकाला जे सुटतं ते दुसरा पकडतो. मिरजेचे कारागीर तारेखाली जवारीचा दोरा सरकवून हेच सूर फुलवतात, इथे ते मारायचे असतात. दोरीच्या मध्याजवळचं वजन बाणाचा वेग जास्त खातं, टोकाकडचं कमी, त्यामुळे मध्याकडे फार सरकू नये.

स्पर्धा खेळणाऱ्याने नियम बघूनच बांधावं. अमेरिकेतल्या नॅशनल फील्ड आर्चरी असोसिएशनच्या बोहंटर प्रकारात सायलेन्सर नॉकिंग पॉइंटपासून, म्हणजे दोरीच्या मध्याजवळ बाण अडकवतात त्या जागेपासून, १२ इंचांच्या आत चालत नाही. ५६ इंची दोरीचा तिसरा हिस्सा मध्यापासून सव्वानऊ इंचांवरच येतो, म्हणजे तो बाद, पाव हिस्सा १४ इंचांवर येतो, तो चालतो. मग दुसरा गोंडा पावाच्याही थोडा टोकाकडे सरकवायचा.

सायलेन्सर बांधल्यावर दोरी जड होऊन बाणाला थोडी कमी ताकद मिळते, त्यामुळे तोच बाण सुटताना कमी वाकतो, जरा ताठ असल्यासारखा वागतो, म्हणून आधी गोंडे आणि मगच नॉकिंग पॉइंट व बाणाचं ट्यूनिंग. आवाज तपासताना स्वतःच्या कानावर जाऊ नये, तो दोरीला फार जवळ असतो. फोन रेकॉर्डिंगला लावून टार्गेटच्या बाजूला, बाण लागणार नाही अशा आडोशाला ठेवायचा, गोंड्यांशिवाय तीन बाण आणि गोंड्यांसह तीन बाण मारायचे आणि घरी हेडफोन लावून ऐकायचे.