परसातल्या अंड्यावरच्या कोंबडीचं अचानक आजारपण

काल अंडं दिलेली कोंबडी आज पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली की त्या पहिल्या दिवसात करायची देखभाल. कोंबडी कमजोरी होईल तितकी लपवते, त्यामुळे मालकाला दिसेपर्यंत दुखणं बहुतेक वेळा दोन-चार दिवसांचं झालेलं असतं. आधी खुडूक (अंडी उबवायला बसलेली) तर नाही ना ते बघावं. खुडूक कोंबडीपण बसून राहते, अंडी बंद करते, पण हात नेला की कुरकुरते, चोच मारते आणि तिचा तुरा न् डोळे बरे असतात. आजारी कोंबडी हाताला विरोधच करत नाही.

मग लगेच तिला बाकीच्यांपासून लांब, कोरड्या आणि उबेच्या जागी डालग्याखाली ठेवायचं. दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं, त्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर चालते, पण चोच उघडून पाणी ओतू नये कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं आणि पाणी सरळ फुफ्फुसात जातं. तिचं अंग आपल्या हाताला गरम लागणारच (नॉर्मल तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं), त्यावरून ताप ठरवू नये. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी चाचपावी, ती रिकामी हवी. भरलेली, टणक किंवा आंबूस वासाची असेल तर अन्न खाली सरकत नाहीये.

शेपूट खाली, अंग पेंग्विनसारखं उभं आणि सारखं कुंथणं असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० च्या आसपास तास नुसत्या कवचाला, आणि कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम जातं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागतं, जे ज्वारी-बाजरी-कणीतून मिळतच नाही, म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवतात. अडकलेल्या कोंबडीचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, पुसून, गुदद्वाराला तेल लावून अंधाऱ्या जागी सोडतात. अंडं आत फोडायचं नाही, कवचाच्या तुकड्यांनी आतून जखम होते. तरी सुटलं नाही तर डॉक्टर.

हिरवट पातळ शिट, तोंड उघडून श्वास, पातळ कवचाची अंडी, नंतर मान मुरगळणं, असं दिसलं की मानमोडीचा म्हणजे राणीखेतचा संशय घ्यावा. हा रोग मुळात कुठून आला यावर बराच वाद आहे. क्रानेव्हेल्ड या संशोधकानी जावा बेटावरची साथ १९२६ मध्ये नोंदवली, इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या त्याच वर्षीच्या साथीवर डॉयलनी १९२७ मध्ये लिहिलं, आणि उत्तराखंडातल्या कुमाऊं भागातल्या राणीखेत गावची साथ एडवर्ड्सनी १९२८ च्या सुमारास मांडली. कोरियातली १९२४ च्या आसपासची आणि स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरची १८९६ ची मरतूक हीच होती असंही काहीजण मानतात, पण स्कॉटलंडचा दावा बऱ्याच नंतर मांडला गेला आणि विषाणूचा पुरावा नाही, त्यामुळे आग्नेय आशियातून जहाजांबरोबर पसरला हे मत जास्त पटण्यासारखं. राणीखेतजवळच्या मुक्तेश्वरला त्यावेळी जी सरकारी संशोधन संस्था होती ती मूळची पुण्याची, १८८९ मध्ये पुण्यात सुरू होऊन १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवलेली. तिथल्याच विषाणूवरून पुढे मोठ्या कोंबड्यांची आर-टू-बी लस निघाली.

लस झालेली नसेल तर उग्र साथीत अख्खं खुराडं जाऊ शकतं. उपचार नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि सहा-आठ आठवड्यांना आर-टू-बी, हा नेहमीचा क्रम, आणि तो चुकवू नये असं अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण परसातल्या मरतुकीचा मोठा भाग इथेच थांबू शकतो. कोंबडी अंड्यावर असताना मात्र आर-टू-बी टाळतात, अंडी घटतात. माणसाला या विषाणूनं डोळे येतात, तेव्हा हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत.

एका वेळी बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर बर्ड फ्लूही असू शकतो (याआधी तो नवापूरला २००६ मध्ये आणि परभणीच्या मुरुंब्यात २०२१ मध्ये आला होता) आणि नुसत्या लक्षणांवरून तो राणीखेतपासून वेगळा काढता येत नाही. मेलेल्या कोंबड्या उघड्या हातानं न धरता पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावं. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं असे रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

घरगुती उपायांत हळद, लसूण चालतात. मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची गोळी अंदाजानं देऊ नये, विषाणूवर ती चालत नाही आणि औषध अंड्यात उतरतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस होईपर्यंत तिची अंडी घरात खाऊ नयेत किंवा कुणाला देऊही नयेत.