‘सवय’ लागणे आणि ‘ताबा’ येणे : शी-शूच्या शिकवणीची पार्श्वभूमी

मराठी घरांत बाळाला शी-शूला बसवण्याची सुरुवात ते मान धरू लागले की होत असे. आई किंवा आजी मोरीत पाटावर बसे, पाय लांब करी, दोन्ही पावलांच्या मध्ये बाळाला उकिडवे धरी आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढत राही. झोपेतून उठल्यावर आणि दूध पाजल्यावर हे ठरलेले असे, कारण चुकलेल्या प्रत्येक वेळेमागे एक लंगोट आणि एक दुपटे धुण्यात पडत असे.

‘आमच्या मुलांना वर्षाच्या आत सवय लागली होती’ हे वाक्य याच काळातले आहे आणि आजचा बहुतेक गोंधळ त्यातील ‘सवय’ या शब्दापाशी सुरू होतो. बाळाच्या चेहऱ्यावरचा ताण ओळखून त्याला वेळेवर धरणे ही खरे तर मोठ्यांना लागलेली सवय होती. मुलाला स्वतःला जाणीव होणे, थोडा वेळ धरून ठेवता येणे, सांगता येणे, चड्डी उतरवता येणे हा ताबा असतो. तो बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो आणि नीट धुणे तर त्याहूनही उशिरा जमते. आजीचे म्हणणे आणि डॉक्टरांचे म्हणणे दोन्ही खरे असते, कारण एकाच शब्दाने दोघे दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

पाश्चात्त्य देशांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही महिन्यांच्या बाळाला घड्याळ लावून बसवण्याचा सल्ला दिला जाई. १९६२ साली एका अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १,१७० मुलांच्या नोंदी मांडून, साधारण दीड वर्षापासून मुलाच्या कलाने घ्यावे, असे सुचवले. त्या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांत आला. त्याच दशकात वापरून फेकण्याचे डायपर तेथे बाजारात स्थिरावले आणि पुढे १९९० च्या दशकात हेच तज्ज्ञ मोठ्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत दिसले, म्हणून मूळ सल्ल्याकडेही संशयाने पाहिले गेले. नोंदी मात्र जाहिरातीच्या कितीतरी आधीच्या आहेत, हे विसरता कामा नये.

आपल्या शहरांत डायपर रुळले तेव्हा दोघे आईवडील नोकरीला आणि मूल पाळणाघरात अशी घडी बसत होती. घरी पुसायला लागत नाही, पण मुलालाही ओलेपणा कळत नाही, त्यामुळे मूळ जाणीवच लांबते. अशातच काही प्लेग्रुप ‘डायपर सुटलेला असावा’ ही अट प्रवेशाला घालतात. अडीच वर्षांच्या मुलासाठी ही अट अन्यायाची आहे, कारण त्या वयात ताबा नसणे हा दोष नव्हे. शिवाय घाईने ओरडा खाल्लेली मुले शी दाबून धरतात, खडा होतो, दुखते आणि बसण्याची भीती आणखी वाढते.

खेड्यांत २०१४ नंतर शौचालये झपाट्याने बांधली गेली, पण भांडे आणि पायऱ्या मोठ्यांच्या मापाच्या होत्या. आत अंधार, मध्ये मोठे भोक, म्हणून लहान मूल अंगणातच बसत राहिले आणि शीवर राख टाकून ती उचलण्याची जुनी रीतही टिकली. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात.

फ्लॅटमधील कमोडवर अडचण उलटी होते : पाय लोंबकळतात आणि टेकू नसल्याने जोर करता येत नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ पायांखाली ठेवायला सांगतात तो पाटच.