इमारत-आराखडा प्रक्रियेचे सिम्युलेशन

इमारतीचा आराखडा तयार होत असताना मालकाच्या गरजा मध्येच बदलल्या, तर कोणती कामे पुन्हा करावी लागतील, वेळापत्रक किती घसरेल आणि कोणाच्या टेबलावर काम तुंबेल, हे संगणकावर आधीच चालवून पाहण्याची पद्धत. येथे नक्कल इमारतीची नसून ती आखणाऱ्या माणसांच्या कामाची असते.

आराखड्याचे काम एका दिशेने जात नाही. खोल्यांची रचना ठरवायला वास्तुविशारदाला कॉलम कुठे येणार ते हवे असते. आरसीसी सल्लागाराला, म्हणजे इमारतीचा काँक्रीटचा सांगाडा आखणाऱ्याला, कॉलम ठरवायला खोल्यांची रचना हवी असते. कोणीतरी अंदाजाने सुरुवात करतो. मग मालक म्हणतो, ‘बाथरूम खिडकीकडे घ्या.’ नकाशावर हा बदल जेमतेम दीड मीटरचा. पण बाथरूमचा स्लॅब खाली घ्यायचा असतो, म्हणून बीम बदलतो. सांडपाण्याच्या पाइपला उतार पुरत नाही, म्हणून डक्ट (पाइप नेण्याची उभी पोकळी) हलतो. आणि डक्ट हलला की वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांचे नकाशे पुन्हा उघडावे लागतात.

हे गुंते मांडण्यासाठी डोनाल्ड स्ट्यूअर्ड यांनी १९८१ मध्ये सुचवलेला चौकोनी तक्ता वापरतात. कामे ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने ती ओळींत आणि स्तंभांत लिहायची. ओळीतल्या कामाला ज्या कामाकडून माहिती लागते, त्याच्या स्तंभात खूण करायची. तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाच्या वर खूण पडली, तर अजून न झालेल्या कामाची माहिती आज गृहीत धरली आहे, असा अर्थ. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात अशा तक्त्यावरून इमारतींच्या आराखड्याचे नियोजन करण्याची रीत विकसित झाली. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक खुणेला काम पुन्हा करावे लागण्याची शक्यता आणि त्यासाठी लागणारे श्रम जोडतात, आणि सारी प्रक्रिया हजारो वेळा चालवतात. एक ठाम तारीख त्यातून मिळत नाही; तारखांचा पल्ला मिळतो, आणि माझ्या मते तोच जास्त प्रामाणिक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात रेमंड लेविट आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नाकडे माणसांच्या बाजूने पाहिले: अडलेला प्रश्न वरिष्ठांकडे जातो, उत्तराची वाट पाहण्यात दिवस जातात.

शक्यतांचे आकडे अनुभवी माणसांच्या अंदाजावरच बेततात. मालक उद्या काय मागेल, हे असे कोणतेही प्रतिमान (मॉडेल) सांगत नाही. मात्र तीच मागणी कोणत्या टप्प्यावर आली तर किती महाग पडेल, हे ते दाखवू शकते.

सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये ही किंमत डोळ्यांना दिसली. वास्तुविशारद यॉर्न उत्झॉन यांचा आराखडा १९५७ मध्ये निवडला गेला; छताचा आकार पक्का होण्याआधीच १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले, आणि पुढे त्या छताचा भार पेलण्यासाठी जोत्यातले कॉलम नव्याने उभारावे लागले. १९६६ मध्ये उत्झॉन बाहेर पडले. त्यानंतर गरजच बदलली: ऑपेरा आणि संगीत मैफली या दोन्हींसाठी आखलेले मोठे सभागृह केवळ मैफलींसाठी ठेवायचे ठरले, ऑपेरा लहान सभागृहात गेला, आणि मोठ्या सभागृहात बसवून झालेली रंगमंचाची यंत्रसामग्री उचकटून काढावी लागली.