बाष्पित्राची तपासणी, सफाई व देखभाल

औद्योगिक बाष्पित्र म्हणजेच बॉयलर ठरावीक मुदतीने थंड करून, उघडून आतून पाहणे, त्यातील क्षारांचे थर व काजळी काढणे आणि झिजलेले भाग वेळीच बदलणे, या कामांचा येथे विचार केला आहे. बाष्पित्राचे प्रकार व रचना गृहीत धरल्या आहेत.

सुरक्षा झडपेचा, म्हणजे दाब वाढताच वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, उगम सामान्यतः फ्रेंच शास्त्रज्ञ द्‌नी पापँ याच्या पाचक भांड्याशी (वाफेच्या दाबाखाली अन्न शिजवण्याच्या बंद भांड्याशी) जोडतात. त्याचा काळ १६७९ ते १६८२ यांदरम्यान धरला जातो. काहींच्या मते तरफ व वजनाची झडप त्याआधीही माहीत होती. तथापि बंद भांड्यातील वाफेसाठी तिचा पद्धतशीर वापर पापँचाच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लंडनजवळ ग्रिनिच येथे १८०३ मध्ये इंग्रज अभियंता रिचर्ड ट्रेव्हिथिकचे बाष्पित्र फुटले. त्यानंतर त्याने वितळणारी शिशाची गुडदी वापरात आणली. पाणी उतरून पत्रा तापला की ती वितळते आणि वाफ भट्टीत सुटते.

बाष्पित्र का फुटते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. लाल तापलेल्या पत्र्यावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन साठतो व पेटतो, असा एक पक्ष होता. काहींनी विजेलाही कारण ठरवले. फिलाडेल्फियाच्या फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटने १८३० च्या दशकात शासकीय निधीतून प्रयोग करून हायड्रोजनाची उपपत्ती निकालात काढली. पुढे इंग्लंडमधील अभियंत्यांनी फुटलेले पत्रे प्रत्यक्ष तपासले. तेव्हा गंजाने पातळ झालेला पत्रा, अडकलेली झडप आणि उतरलेले पाणी हीच साधी कारणे पुन्हा पुन्हा आढळली. हाच पक्ष टिकला आणि मुदतीच्या तपासणीची कल्पना त्यातूनच रुजली. मँचेस्टरमध्ये बाष्पयंत्र वापरणाऱ्यांची संस्था १८५४ मध्ये निघाली. स्फोटांच्या चौकशीचा ब्रिटिश कायदा १८८२ मध्ये झाला.

मात्र नुसत्या नजरेने सारे कळत नाही. अमेरिकेत ब्रॉक्टन येथील बूट कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी जुने बाष्पित्र फुटून ५८ माणसे मेली. पत्र्यावर पत्रा चढवून रिव्हेट मारलेल्या जोडाच्या आत भेग होती आणि ती वरून दिसणारी नव्हती. अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पित्र संहिता या घटनेनंतरची. तिची पहिली आवृत्ती काही ठिकाणी १९१४ ची, तर काही ठिकाणी १९१५ ची म्हणून नोंदवलेली दिसते.

धोका वाफेपेक्षा तापलेल्या पाण्यात अधिक असतो. दहा बार दाबाखाली पाणी सुमारे १८४ अंश सेल्सिअसला असते. कवच फाटताच त्याचा साधारण सहावा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो आणि पाण्यापासून झालेली वाफ वातावरणीय दाबाला सोळाशे पटींहून अधिक जागा घेते. म्हणून पाणीदर्शक काचेत पाणी दिसेनासे झाले, तर आधी आग बंद करायची. आत नवे पाणी मुळीच सोडायचे नाही. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडल्याने स्फोट होतोच का, यावर मतभेद राहिले, पण पत्र्याला व जोडांना इजा निश्चित होते. पाणीदर्शक काचेला जोडणाऱ्या नळ्या तुंबल्या असल्यास ती खोटी पातळी दाखवते. त्यासाठी रोज तिचे तळाचे तोंड उघडून पाणी वाहू द्यावे आणि बंद करताच पातळी झटकन वर येते का, ते पाहावे. पातळी रेंगाळत चढली तर मार्ग तुंबला आहे असे समजावे.

आत शिरण्यापूर्वी बाष्पित्र आपोआप थंड होऊ द्यावे. एकाच वाहिनीला जोडलेले दुसरे बाष्पित्र चालू असेल, तर त्याचा ब्लोडाऊन (तळातून बाहेर सोडलेले तापलेले गढूळ पाणी) उलट फिरून उघड्या बाष्पित्रात येऊ शकतो. म्हणून दोन झडपा बंद, मधला निचरा उघडा, वर कुलूप व पाटी, शक्य तेथे जोडात आंधळी पट्टी (नळीचा मार्ग पूर्ण बंद करणारी भोक नसलेली चकती) अशी व्यवस्था करतात. गंज स्वतःच हवेतील प्राणवायू खातो, प्रमाण १९.५ टक्क्यांखाली असेल तर आत जाऊ नये. दिवा कमी व्होल्टेजचा असावा आणि मॅनहोलपाशी (आत शिरण्याच्या तोंडापाशी) एक माणूस कायम असावा. आतला माणूस कोसळल्यास त्याने स्वतः आत उडी घेऊ नये. अशा घाईत दुसरा जीव जातो.

पाण्याच्या बाजूस लालसर फुगवटी दिसली की ती खरवडावी: खाली काळी भुकटी व त्याखाली खळगा सापडतो. ही विरघळलेल्या प्राणवायूची खूण. स्केलचा, म्हणजे साठलेल्या क्षारांचा, थर उष्णता अडवतो, नळी तापून फुगते. साधे पोलाद सुमारे ४५० अंशांपुढे ताणाखाली हळूहळू वाढू लागते. स्केल विरघळवण्यास गंजरोधक मिसळलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. कार्बोनेट त्यात सहज विरघळते. सल्फेट व सिलिका दाद देत नाहीत. निघणारा हायड्रोजन पेट घेतो, थरात सल्फाइड असल्यास विषारी हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. त्यामुळे वायू मोकळ्यात सोडावा आणि जवळ ज्योत नसावी. स्टेनलेस पोलादाच्या भागांना हे आम्ल चालत नाही. शेवटी सोड्याने आम्ल मारून धुवावे. काजळी भट्टीच्या बाजूने ब्रशने काढतात. तेल जाळणाऱ्या भट्टीतील राखेत व्हॅनेडियम हा श्वासावाटे अपायकारक धातू असतो, म्हणून श्वसनमुखवटा लागतो.

दुरुस्तीनंतरची दाबचाचणी पाण्यानेच घेतात, बहुधा चालू दाबाच्या दीडपट. हवेने घेतलेल्या चाचणीत काही फुटले तर साठलेली ऊर्जा घातक ठरते. बंद ठेवायचे बाष्पित्र काठोकाठ पाण्याने भरून, सल्फाइटसारखे प्राणवायूनाशक घालून किंवा पूर्ण वाळवून ठेवतात. नायट्रोजन भरला असल्यास मॅनहोलवर तशी पाटी हवीच. आतील वायू पूर्ण बदलून हवा मोजल्याशिवाय डोकेही आत घालू नये.