पर्ड्यूची हार, पेसर्सची हार: कॉलेज बास्केटबॉल आणि एनबीए यांत फरक काय?

२०२५च्या हिवाळ्यात सांगलीहून मामा आमच्याकडे इंडियानात आले होते. बाहेर उणे १२, दारात गुडघाभर बर्फ. मामा दोन स्वेटर चढवून सोफ्यावर, समोर टीव्ही. एका संध्याकाळी पर्ड्यू विद्यापीठाची मॅच संपली आणि मी चॅनल बदलून एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना पेसर्सची लावली. दहा मिनिटांनी मामांनी विचारलं, "अरे, ही मघाचीच पोरं ना? कपडे कधी बदलले?"

मामांना हसण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, रिंग १० फुटांवर, पाचाविरुद्ध पाच. दोन्ही सीझन थंडी पडताना सुरू होतात आणि मार्चपर्यंत एकमेकांच्या अंगावर चालत असतात. त्यात पर्ड्यूचा रंग सोनेरी-काळा, पेसर्सचा सोनेरी-निळा. नवख्या डोळ्यांना घोळ होणारच.

मुळात हा खेळ हिवाळ्यासाठीच जन्माला आला. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. बाहेर थंडी, आत कंटाळलेली विद्यार्थी मंडळी. त्यांना चार भिंतींत दमवायला काहीतरी हवं म्हणून जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन करंड्या वर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हाच नाइस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. आज कॅन्सस म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं बडं घराणं, पण तिथल्या प्रशिक्षकांत जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला एकटाच आहे: नाइस्मिथ, ५५ विजय आणि ६० पराभव. ज्याने खेळ काढला त्यालाच तो जमला नाही, हे मला फार आवडतं.

म्हणजे कॉलेजचा खेळ आधीचा. एनबीएचा जन्म १९४६चा, अर्ध्या शतकानंतरचा. "कॉलेज म्हणजे छोटी एनबीए" असं आपली मंडळी सर्रास म्हणतात. आपल्याकडे रणजीतून भारतीय संघात जातात तसं इथे कॉलेजातून एनबीएत जातात, एवढं खरं. पण कॉलेजचा खेळ कुणाच्या खालची पायरी म्हणून सुरू झाला नाही, आणि चाहताही त्याला तसं पाहत नाही.

आता नियम. पुरुषांची कॉलेज मॅच ४० मिनिटांची, २०-२० मिनिटांचे दोन भाग. एनबीएत १२ मिनिटांचे चार, म्हणजे ४८. (कॉलेजच्या मुलींच्या मॅचमध्ये २०१५-१६पासून १० मिनिटांचे चार भाग असतात. पुरुष अजून दोन भागांना का चिकटून बसलेत, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.) कॉलेजात पाच फाउल झाले की बाहेर, एनबीएत सहा. तीन पॉइंटांची रेषा कॉलेजात २२ फुटांच्या किंचित पुढे, एनबीएत समोरून २३ फूट ९ इंच. हे सगळं लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

लक्षात ठेवायचं ते घड्याळ. चेंडू हाती आल्यावर किती वेळात शॉट मारायचा? एनबीएत २४ सेकंद, कॉलेजात ३०. या २४ सेकंदांमागे इंडियानाचाही हात आहे, आणि तो अभिमान वाटावा असा नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी आमच्या फोर्ट वेनचा पिस्टन्स संघ मिनीॲपोलिसला लेकर्सशी खेळायला गेला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा डोंगर होता. पिस्टन्सनी ठरवलं, चेंडू आपल्याकडेच धरून बसायचं. मॅच संपली तेव्हा स्कोअर होता १९-१८. पिस्टन्स जिंकले, प्रेक्षक मात्र जांभया देत घरी गेले. अशा रटाळ मॅचेसमुळे लीगच बुडायची वेळ आली, तेव्हा सिरॅक्यूसच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. चांगल्या मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट होतात. ४८ मिनिटांचे सेकंद २८८०. भागिले १२०, उत्तर २४. १९५४पासून तोच नियम आहे.

पुरुषांच्या कॉलेज खेळात मात्र शॉट क्लॉक आलं ते थेट १९८५-८६मध्ये, तेही ४५ सेकंदांचं. मग ३५ झालं, २०१५मध्ये ३०. आजही कमकुवत संघाचा प्रशिक्षक ते तीसच्या तीस सेकंद वापरतो: जितका वेळ खाल्ला, तितक्या बलाढ्य संघाच्या संधी कमी. एनबीएत हा लबाडपणा फार चालत नाही.

दुसरा नियम उभं राहण्याचा. एनबीएत बचाव करणाऱ्याला कुणाला जवळून अडवत नसताना रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. कॉलेजात ही बंदी नाही. म्हणून तिथे धिप्पाड खेळाडू दारात पहारेकऱ्यासारखा ठाण मांडून बसतो आणि बाकीचे चौघे त्याच्या पुढे जाळं पसरतात. आमच्या पर्ड्यूचा झॅक ईडी सात फूट चार इंच. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. एनबीएच्या निवडीत मात्र त्याचा नंबर नववा. कॉलेजमधला सर्वोत्तम तो एनबीएतला पहिला, असं गणित नसतं. तिथे त्याच उंचीला बाहेर येऊन पळावं लागतं.

पण खरा फरक नियमांत नाही, हरण्यात आहे.

एनबीएत ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने. मग १६ संघांची बाद फेरी, आणि तिला बाद फेरी म्हणणंही जिवावर येतं, कारण एका हारीने कुणी बाद होत नाही. प्रत्येक जोडी सात सामन्यांची, जो आधी चार जिंकेल तो पुढे. कॉलेजात साडेतीनशेहून जास्त संघ. त्यांतले ६८ मार्चमध्ये निवडले जातात: आपापल्या गटाचे विजेते थेट, उरलेले एका निवड समितीच्या मर्जीने. (निवड समिती म्हटल्यावर मामांनी लगेच कान टवकारले. तो विषय सगळीकडे सारखाच.) तिथून पुढे हरलात की घरी. दुसरी संधी नाही.

थोडं गणित मांडू. समजा एक संघ इतका चांगला आहे की कुणाहीविरुद्ध दहापैकी सात वेळा जिंकतो. सात सामन्यांच्या मालिकेत तो पुढे जाण्याची शक्यता ८७ टक्के. अशा चार मालिका जिंकून एनबीएचा चषक उचलण्याची शक्यता ५८ टक्के. हाच संघ कॉलेजच्या स्पर्धेत घाला. सलग सहा सामने जिंकायचे. शक्यता १२ टक्क्यांच्या आत. संघ तोच, त्याचं कसब तेच, फक्त स्पर्धेची रचना वेगळी.

म्हणून एनबीएत आठव्या मानांकित संघाने पहिल्याला बाहेर काढलं की वर्षानुवर्षं त्याची गोष्ट सांगतात. आणि कॉलेजात? १७ मार्च २०२३ची रात्र मी विसरलेलो नाही. पर्ड्यू आपल्या विभागात पहिलं मानांकित, समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन, सोळावं म्हणजे तळाचं. त्यांनी स्वतःच्या गटाची स्पर्धासुद्धा जिंकली नव्हती. जिंकणारा मेरिमॅक हा संघ नियमानुसार तेव्हा अपात्र होता म्हणून जागा यांना मिळाली. उंचीने देशातल्या सगळ्यांत बुटक्या संघांपैकी एक. त्यांनी ईडीला चहूबाजूंनी घेरलं आणि बाकीच्यांना म्हटलं, मारा तुम्ही लांबून. आमच्यांना ते जमलं नाही. ६३-५८. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही दुसरी वेळ. पहिली २०१८मध्ये, यूएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ धुतलं तेव्हा. व्हर्जिनियाने पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवून भरपाई केली. आम्ही २०२४मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि कनेटिकटकडून हरलो.

त्या रात्रीवरून फेअरली डिकिन्सन पर्ड्यूपेक्षा चांगला संघ होता असं म्हणता येईल का? अजिबात नाही. सातांत त्यांनी एक जिंकला असता, फार तर दोन. पण कॉलेजच्या स्पर्धेला सातांचं काही पडलेलंच नाही. चांगला संघ कोण हे शोधायचं तर एनबीए पाहावी. मार्चमधल्या स्पर्धेत फक्त न हरलेला उरतो, आणि चॅम्पियन त्यालाच म्हणतात. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला स्वतःला आठवड्यातून दोन दिवस वाटतो.

उलट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत कुठली मॅच पाहावी? माझं मत ठाम आहे: कॉलेज. एनबीएतली जानेवारीतल्या मंगळवारची मॅच म्हणजे ८२ हप्त्यांच्या कर्जातला एक हप्ता. मोठे खेळाडू विश्रांतीला बसतात. हे इतकं वाढलं की २०२३-२४पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट घालावी लागली. कॉलेजचा संघ मार्चच्या आधी जेमतेम तिसेक सामने खेळतो, त्यामुळे प्रत्येकाला वजन असतं. नोव्हेंबरात बड्या विद्यापीठांनी पैसे मोजून छोट्या कॉलेजांना हरायला बोलावलेलं असतं, त्या मॅचेस मात्र खुशाल सोडा.

आणि आवाज! नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या मॅचला जागा मिळावी म्हणून ड्यूक विद्यापीठाची मुलं ऐन हिवाळ्यात स्टेडियमबाहेर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात. पर्ड्यूच्या मॅकी अरीना स्टेडियमात विद्यार्थी उड्या मारायला लागले की शेजारच्याशी बोलता येत नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात "अरे आवाज कुणाचा" ऐकलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बालगंधर्वला व्यावसायिक नाटकात अभिनय, नेपथ्य, प्रकाश सगळंच सरस असतं. पण तिथे कुणी घसा फाडत नाही. एनबीएत लाउडस्पीकर सांगतो, आता ओरडा.

पैशाच्या बाबतीत मात्र जुनी सीमारेषा पुसत चालली आहे. "एनबीएवाले पगारी, कॉलेजवाले हौशी" हे वाक्य २०२१पर्यंत खरं होतं, निदान कागदावर. १ जुलै २०२१पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून कमावता येऊ लागलं. २०२५च्या उन्हाळ्यापासून विद्यापीठंच थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. द्यायलाच हवेत. प्रशिक्षक कोट्यधीश आणि मुलं फुकट, हे फार काळ चाललं. माझं रडगाणं वेगळं आहे: सीझन संपला की निम्मी मुलं दुसऱ्या कॉलेजात. त्यांची नावं पाठ होईपर्यंत ती गेलेली असतात. पूर्वी चार वर्षं एकच पोर डोळ्यांसमोर वाढताना दिसायचं, हीच तर कॉलेजची खरी मिरास होती. आज पेसर्सचा संघ पर्ड्यूच्या गटातल्या बहुतेक संघांपेक्षा जास्त टिकाऊ आहे, यावर दहा वर्षांपूर्वी मी पैज लावली नसती. शिवाय त्या गटाचं नाव बिग टेन, २०२४पासून त्यात संघ अठरा, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत!

मामा मार्चमध्ये परत गेले, पण चटक लागली होती. २८ मार्चला पर्ड्यू विरुद्ध ह्यूस्टन, तेही आमच्यापासून तासाभरावरच्या इंडियानापोलिसमध्ये. ६०-६० बरोबरी. ह्यूस्टनने रिंगखालून चेंडू आत टाकला, परत घेतला आणि हळूच वर ठेवला. ६२-६०, घड्याळात ०.९ सेकंद. संपलं.

त्याच वर्षी पेसर्सची सुरुवात १० विजय, १५ पराभव अशी झाली होती. कॉलेजात अशा सुरुवातीनंतर बहुधा मार्च दिसत नाही. एनबीएत वेळ होता. ते सावरले, मिलवॉकी, क्लीव्हलंड, न्यूयॉर्क असे एकेक काढत अंतिम मालिकेत पोचले. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या पहिल्या मॅचमध्ये ते सबंध वेळ मागे होते. ०.३ सेकंद उरले असताना पेसर्सच्या हॅलिबर्टनने शॉट मारला आणि त्या मॅचमधली पहिली आणि शेवटची आघाडी मिळवून दिली, १११-११०. मालिका सातव्या मॅचपर्यंत ताणली. २२ जूनला त्या मॅचच्या पहिल्याच भागात हॅलिबर्टनच्या टाचेमागचा स्नायूबंध तुटला. १०३-९१, ओक्लाहोमा.

सांगलीत तेव्हा सकाळ होती. मामांचा फोन आला. "मार्चमध्ये एका मॅचमध्ये बाहेर, आता सातव्या मॅचमध्ये. जास्त लागलं कुठलं रे?"

पेसर्स का हरले ते मी त्यांना पाच मिनिटं सांगितलं. पाय, दमणूक, समोरच्यांचे ६८ विजय. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "आणि ते पर्ड्यू?"

"मामा, त्यांनी चेंडू आत टाकला, परत घेतला..." एवढंच सांगून मी थांबलो.