हार्ड डिस्क काय सांगते, काय सांगत नाही : मालकांच्या अनुभवांची पार्श्वभूमी

संगणकात बसवलेल्या हार्ड डिस्कबद्दल लोक जे अनुभव सांगतात, ते एकमेकांशी क्वचितच जुळतात. एकच मॉडेल एकाकडे दहा वर्षे विनातक्रार चालते आणि दुसऱ्याकडे चौथ्या महिन्यात टकटक करत बंद पडते. विकत घेतलेली १ टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइटच का दिसते, हा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येक नव्या मालकाला पडतो. या साऱ्याचे खापर बहुधा कंपनीच्या दर्जावर किंवा स्वतःच्या नशिबावर फोडले जाते. इतिहास पाहिला तर मात्र एक वेगळेच सूत्र हाती लागते. गेल्या चाळीसएक वर्षांत डिस्कने मालकाच्या हातची एकेक कामे स्वतःकडे घेतली आणि प्रत्येक कामाबरोबर त्यासंबंधीची माहितीही पेटीच्या आत गेली. आजच्या बहुतेक तक्रारी या आत गेलेल्या माहितीबद्दलच्या आहेत.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली डिस्क आणली, तेव्हा मालकाच्या अनुभवाचा प्रश्नच नव्हता, कारण असे यंत्र सहसा भाड्याने दिले जाई आणि त्याची देखभाल प्रशिक्षित तंत्रज्ञ करत. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि ५० लाख अक्षरांची क्षमता असे ते कपाटाएवढे धूड होते. पुढे १९७३ साली आयबीएमच्याच ३३४० या यंत्रात, जे ‘विंचेस्टर’ या नावाने ओळखले गेले, तबकड्या आणि त्यांवर वाचन-लेखन करणारी हेड एकाच बंद कोषात ठेवण्यात आली. यंत्र थांबले की हेड वंगण लावलेल्या तबकडीवरच टेकत. सीलबंद पेटी आणि तबकडीवर उतरणारे हेड या दोन कल्पना पुढे घरगुती संगणकापर्यंत पोचल्या. सीगेटची १९८० ची एसटी-५०६ ही सव्वापाच इंची डिस्क ५ मेगाबाइटची होती. १९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटच्या डिस्कसह विकायला काढला आणि हार्ड डिस्कचा मालक नावाचा सामान्य माणूस अस्तित्वात आला.

त्या पहिल्या मालकाला आपल्या डिस्कबद्दल किती ठाऊक असे, याचे आज नवल वाटते. तबकडीवरचा एकही ठिपका खराब नाही अशी डिस्क बनवणे कारखान्यांना शक्य नव्हते आणि ते कोणी लपवतही नसे. डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर सदोष जागांची यादी छापलेली किंवा हाताने लिहिलेली असे. डिस्क आणि तिला चालवणारे कंट्रोलर कार्ड वेगवेगळे विकत घेऊन, कार्डातला फॉरमॅटचा प्रोग्राम स्वतः चालवून, ही यादी एकेक आकडा टाइप करत डिस्कला सांगावी लागे. हेड सरकवणारी स्टेपर मोटर ठरावीक टप्प्यांनी फिरे आणि हेड नेमके कुठे आहे हे तपासण्याची सोय तिच्यात नसे. त्यामुळे तापमानानुसार धातू आकुंचन-प्रसरण पावला की हेड आणि पूर्वी लिहिलेला माग (तबकडीवरची डेटाची वर्तुळाकार रेघ) यांची चुकामूक होई. सकाळी थंड यंत्रावर न उघडणारी फाइल तासाभराने निमूट उघडे, हा त्या काळचा खास अनुभव होता आणि त्याचे कारणही जाणत्या मालकाला माहीत असे. संगणक हलवण्यापूर्वी हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवणारी ‘पार्क’ ही आज्ञा द्यावी लागे. विसरल्यास हेड तबकडीवर आपटण्याचा धोका असे. एकंदरीत हे सारे कटकटीचेच होते, पण त्या कटकटीत आपल्या वस्तूची खडान्‌खडा माहिती मिळत असे.

१९८० च्या दशकाच्या मध्यानंतर आलेल्या आयडीई या जोडणीच्या पद्धतीने हे चित्र पालटले. कंट्रोलरच डिस्कवर बसला. स्टेपर मोटरच्या जागी व्हॉइस कॉइल आली, जी तबकडीवरच्या खुणा वाचत स्वतःची जागा सतत दुरुस्त करते. वीज जाताच हेड आपोआप बाजूला होऊ लागली. सदोष जागांची यादी कागदावरून डिस्कच्या अंतर्गत नोंदीत गेली. एवढेच नव्हे, तर वापरादरम्यान नवा सेक्टर, म्हणजे मागाचा छोटा तुकडा, खराब झाला तर राखीव साठ्यातला चांगला सेक्टर गुपचूप त्याची जागा घेऊ लागला. मालकाच्या बाजूने याचा अर्थ असा की आपली डिस्क निर्दोष आहे असा त्याचा समज झाला. ती निर्दोष कधीच नव्हती; तिचे दोष सांगण्याची रीत तेवढी बंद झाली.

याच काळात डिस्क आपल्या रचनेबद्दलही खोटे सांगू लागली. हे खोटे नाइलाजाचे होते. जुन्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, सिलिंडर (सर्व तबकड्यांवरच्या एकाखाली एक मागांचा गट), हेड आणि सेक्टर अशाच भाषेत पत्ता समजत असल्याने, आत दोनच तबकड्या असलेली डिस्क आपल्याला १६ हेड असल्याचे कळवी. या तडजोडीतून १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर अशी मर्यादा तयार झाली, जिचा गुणाकार सुमारे ५२.८ कोटी बाइट, म्हणजे ५०४ मेगाबाइट इतका येतो. त्याहून मोठी डिस्क घेतलेल्यांना १९९० च्या दशकात उरलेली जागा दिसतच नसे. पुढे २८ बिटांच्या पत्त्यामुळे १३७ गिगाबाइटची भिंत उभी राहिली आणि पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, ३२ बिटांच्या नोंदीमुळे २.२ टेराबाइटची. दर वेळी मालकाचा समज एकच होई: डिस्क सदोष निघाली.

क्षमतेच्या आकड्याचा वाद याहून वेगळा आहे आणि त्यात खरे तर कोणीच खोटे बोलत नाही. डिस्क बनवणाऱ्यांनी ‘मेगा’ म्हणजे दहा लाख हा दशमान अर्थ पूर्वीपासून वापरला, तर मेमरी दोनच्या घातांत मोजली जात असल्याने संगणकाच्या प्रणालींनी १०२४ चा गुणक धरला. मेगाबाइटला या दोन मोजमापांतला फरक पाच टक्क्यांहून कमी होता, गिगाबाइटला तो सातच्या पुढे गेला आणि टेराबाइटला दहाच्या घरात पोचला. म्हणून डिस्क वाढत गेली तशी तक्रारही वाढत गेली. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने दोनच्या घातांसाठी किबी, मेबी, गिबी ही निराळी नावे ठरवली, ती फारशी रुळली नाहीत. अमेरिकेत याच मुद्द्यावर वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट यांच्यावर ग्राहकांनी दावे लावले आणि अनुक्रमे २००६ व २००७ मध्ये ते तडजोडीने मिटले. ॲपलने २००९ च्या मॅक प्रणालीत दशमान मोजणी स्वीकारली. विंडोज मात्र अजूनही १०२४ नेच भागते आणि पुढे जुनीच अक्षरे लिहिते.

आत गेलेल्या माहितीपैकी थोडी बाहेर आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे ‘स्मार्ट’ ही स्व-परीक्षणाची पद्धत. आयबीएम आणि कॉम्पॅक यांच्या आधीच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकाच्या मध्याला ती आकाराला आली. बदललेल्या सेक्टरांची संख्या, तापमान, चालू राहिलेले तास अशा नोंदी डिस्क स्वतः ठेवू लागली आणि धोका वाटल्यास इशारा देऊ लागली. पण कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे प्रत्येक उत्पादकावर सोडण्यात आले. त्यामुळे काही डिस्कच्या वाचन-त्रुटींच्या रकान्यात कोट्यवधींची संख्या पाहून मालकाची झोप उडते, प्रत्यक्षात त्या संख्येत एकूण वाचनांची मोजणीही मिसळलेली असते. दुसरीकडे, सारे काही हिरवे दाखवणारी डिस्क दुसऱ्या दिवशी जागची हलत नाही.

अशा परिस्थितीत मालकाकडे उरला तो कान. हेडला तबकडीवरच्या खुणा सापडल्या नाहीत की ते मूळ जागी परत येते आणि पुन्हा प्रयत्न करते. या येरझाऱ्यांचा जो ठराविक टकटकाट ऐकू येतो, त्याला ‘क्लिक ऑफ डेथ’ हे नाव १९९० च्या दशकाच्या अखेरीस झिप ड्राइव्ह या काढता येणाऱ्या डिस्कच्या यंत्राच्या संदर्भात पडले आणि मग ते हार्ड डिस्कला चिकटले. आयबीएमची २००० साली आलेली डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही मालिका तर या आवाजासाठी इतकी बदनाम झाली की मालकांनी नावात फेरफार करून तिला ‘डेथस्टार’ म्हणायला सुरुवात केली. २००१ मध्ये तिच्यावरून खटला उभा राहिला, आणि त्यानंतर लवकरच आयबीएमने आपला डिस्कचा व्यवसाय हिताचीला विकला. २००९ च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेत याच्या उलट प्रकार घडला. डिस्क कोणताही आवाज न करता, संगणक सुरू करताच ओळखेनाशी होई. तबकड्या आणि डेटा दोन्ही शाबूत असत. घोळ फर्मवेअरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्यातल्याच प्रोग्रामच्या, अंतर्गत नोंदवहीत होता. दुरुस्तीसाठी काढलेल्या पहिल्या फर्मवेअरने काही चालत्या डिस्कही बंद पाडल्या आणि ते मागे घ्यावे लागले. काही हिकमती मालकांनी डिस्कच्या निदानासाठी ठेवलेल्या पिनांना सीरियल केबल जोडून आज्ञा टाइप करून आपला डेटा सोडवला. मालकाने डिस्कशी थेट तिच्या भाषेत बोलण्याचा असा प्रसंग एक्सटीच्या काळानंतर विरळाच आला असेल.

वैयक्तिक अनुभवाच्या पलीकडे जाऊन पाहण्याची सोय २००७ मध्ये झाली. त्या वर्षी एकाच परिषदेत दोन निबंध वाचले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासाने सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांतल्या १० ते १५ लाख तासांच्या आयुर्मानानुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण सर्रास आढळले आणि काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेले. गूगलच्या अभ्यासातही एक लाखाहून अधिक डिस्क होत्या. सेक्टर-तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, असे त्यात दिसले. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही आधी काही दाखवले नव्हते. तापमानाचा परिणामही समजला जात होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. २०१३ पासून बॅकब्लेझ ही साठवण-सेवा आपल्याकडच्या हजारो डिस्कची मॉडेलवार आकडेवारी प्रसिद्ध करू लागली आणि ‘माझी डिस्क अजून चालते’ किंवा ‘माझी लगेच गेली’ या दोन्ही विधानांना प्रथमच तुलनेसाठी आकड्यांचा आधार मिळाला. अर्थात ती डेटा सेंटरमधल्या, अखंड फिरणाऱ्या डिस्कची आकडेवारी आहे. दिवसातून चार वेळा चालू-बंद होणाऱ्या घरच्या डिस्कला ती तंतोतंत लागू करणे मला तरी धाडसाचे वाटते.

व्यवसायातल्या बदलांचा पडसाद मालकापर्यंत वॉरंटीच्या आणि किमतीच्या रूपाने पोचला. २००२ मध्ये प्रमुख कंपन्यांनी घरगुती डिस्कची वॉरंटी तीन वर्षांवरून एकवर आणली. २०११ च्या थायलंडमधील पुराने जगातल्या डिस्क-उत्पादनाचा मोठा हिस्सा काही महिने ठप्प केला, किमती झपाट्याने वाढल्या आणि वॉरंटीला पुन्हा कात्री लागली. त्याच सुमारास हिताचीचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटलकडे आणि सॅमसंगचा सीगेटकडे गेला. आज तोशिबा धरून तीनच उत्पादक उरले आहेत, त्यामुळे ‘कंपनी बदलून पाहा’ हा सल्ला पूर्वीइतका अर्थपूर्ण राहिलेला नाही.

माहिती आत ठेवण्याच्या सवयीचे सर्वांत मोठे प्रकरण २०२० च्या एप्रिलमध्ये उघडकीला आले. लिहिणारे हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असते. या फरकाचा फायदा घेऊन माग एकमेकांवर थोडे चढवून, छपरावरच्या कौलांसारखे रचले तर त्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो. ‘एसएमआर’ ही पद्धत २०१३ पासून बाजारात होती आणि तिची किंमतही ठाऊक होती. मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली पुढची सगळी उचलावी लागतात. डिस्क नवे लेखन आधी एका वेगळ्या भागात घेते आणि सवडीने मूळ जागी लावते. घरगुती वापरात ती सवड मिळते, म्हणून फरक जाणवत नाही. पण एका मागोमाग टेराबाइटनी लेखन सुरू झाले, म्हणजे साठवण-संचातली (एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कमधली) बिघडलेली डिस्क बदलून नवी भरायला घेतली, की सवड संपते आणि वेग कोसळतो. अशा संचासाठीच विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे माहितीपत्रकात नव्हते. नवी डिस्क संचातून पुन्हा पुन्हा बाहेर का फेकली जाते, याचा छडा मालकांनीच आपापले अनुभव जुळवून लावला. सीगेट आणि तोशिबा यांनाही आपल्या काही मॉडेलबद्दल तेच मान्य करावे लागले. दावे दाखल झाले, वेस्टर्न डिजिटलने जुन्या पद्धतीच्या डिस्कला ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले आणि लेखनपद्धतीचा उल्लेख माहितीपत्रकांत येऊ लागला.

मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये २०१३ पासून हवेऐवजी हेलियम भरला जातो. त्याची घनता हवेच्या सुमारे एक-सप्तमांश असल्याने तबकड्यांना अडथळा कमी होतो, त्या पातळ करून अधिक संख्येने बसवता येतात आणि डिस्क कमी तापते. ज्यांच्या झाकणावर पूर्वी हवेसाठी छोटे छिद्र असे, त्या पेट्या आता पूर्ण बंद झाल्या. वायू निसटला तर काय, ही शंका सुरुवातीच्या मालकांनी लगेच उपस्थित केली होती. या वेळी तिचे उत्तर डिस्ककडेच मिळते: ‘स्मार्ट’च्या यादीत काही उत्पादकांनी २२ व्या क्रमांकावर हेलियमच्या पातळीचा रकाना ठेवला आहे, आणि धडधाकट डिस्कमध्ये तो १०० दाखवतो.